विज्ञानकथा मालिकेच्या पर्वाचा संच घेण्याआधी: चाहत्यांची मते कशी वाचावीत, कशी ताडून पाहावीत आणि आपले मत कसे नोंदवावे

परदेशी विज्ञानकथा मालिकेचे एखादे पर्व डीव्हीडीवर किंवा ब्लू-रेवर विकत घ्यायचे ठरवले, की सांगलीत राहणाऱ्या माणसापुढे पहिली अडचण येते ती ही, की तो संच घेण्याआधी पाहायला मिळत नाही. असे संच मांडून ठेवणारे दुकान निदान माझ्या माहितीत इथे उरलेले नाही, आणि बाहेरून मागवलेला संच मनासारखा निघाला नाही, तर परत पाठवण्याचा खर्च आणि खटाटोप पाहून माणूस गप्प बसतो. त्यामुळे आपली सगळी भिस्त आधी घेतलेल्या चाहत्यांच्या मतांवर असते. ही मते भरपूर मिळतात आणि मनापासून दिलेली असतात, तरीही एकाच संचाविषयी दोन जाणकार अगदी उलट बोलताना आढळतात. आम्ही चार-पाच मित्र गेली बरीच वर्षे रविवारी संध्याकाळी विश्रामबागेतल्या माझ्या घरी जमून असे संच पाहतो आणि प्रत्येकाची नोंद एका वहीत ठेवतो. त्यातून मतांची छाननी करण्याची जी पद्धत आमच्या अंगवळणी पडली, ती इथे क्रमाने मांडतो.

या पद्धतीचा पाया सांगलीकरांना समजावून सांगावा लागू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते याच गावात, आणि इथला मुरलेला प्रेक्षक ‘नाटक कसे होते?’ या प्रश्नाला अजूनही ‘कुठला प्रयोग?’ असा उलट प्रश्न करतो. संहिता तीच असली तरी नाट्यगृह निराळे असते, आवाजाची व्यवस्था निराळी असते आणि शेवटच्या रांगेत बसलेल्याला वेगळेच नाटक दिसते. मालिकेचे पर्व ही संहिता आहे आणि आपल्या हातात येणारा संच हा तिचा एक प्रयोग आहे. चाहत्याचे मत वाचताना तो यांपैकी कशाविषयी बोलतो आहे, हे आधी ठरवले पाहिजे.

पहिली पायरी: कथेविषयीचे मत आणि संचाविषयीचे मत वेगळे करा

वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करावेत. कथा, पात्रे, लेखन आणि अभिनय यांविषयीचे प्रत्येक वाक्य डावीकडे लिहावे. चित्र, ध्वनी, उपशीर्षके, जादा सामग्री आणि खोका यांविषयीचे उजवीकडे. कुरियरला उशीर झाला, खोक्याचा कोपरा दबला अशा तक्रारी कुठेच लिहू नयेत, कारण त्या त्या एका पार्सलच्या असतात.

हे काम दिसते तितके सोपे नाही. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचे दुसरे पर्व घ्या. ‘दुसरे पर्व कच्चे आहे’ हे वाक्य त्याच्याबाबतीत दोन अगदी वेगळ्या अर्थांनी लिहिले जाते. काहींचा रोख लेखनावर असतो: १९८८ साली अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप झाला, त्यामुळे पहिल्या पर्वाच्या २६ भागांच्या जागी या पर्वाचे २२ भागच झाले आणि शेवटचा भाग तर जुन्या भागांतली दृश्ये जोडून उभा केलेला आहे. दुसऱ्यांचा रोख ब्लू-रेवर असतो: इतर काही पर्वांच्या नूतनीकरणाचे काम ज्या चमूने केले, त्याच्याकडून न होता या पर्वाचे काम बाहेरच्या संस्थेकडे गेले, आणि पहिल्या व तिसऱ्या पर्वाच्या तुलनेत रंग व काही विशेष दृश्ये (याने, स्फोट यांसारखी कृत्रिमरीत्या तयार केलेली) फिकी पडल्याचे अनेक चाहत्यांनी नोंदवले. गंमत म्हणजे याच पर्वात ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा मालिकेतल्या सर्वांत वाखाणलेल्या भागांपैकी एक आहे, आणि ब्लू-रे संचात त्याची वाढीव आवृत्तीही दिलेली आहे. तेव्हा ‘कच्चे’ हा शब्द वाचून संच नाकारणारा माणूस नेमके काय नाकारतो आहे, हे त्यालाच कळत नाही. रकाने केले की ते कळते.

दुसरी पायरी: मत कोणत्या आवृत्तीचे आहे ते शोधा

उजव्या रकान्यातल्या प्रत्येक मताशेजारी चार गोष्टी लिहाव्यात: डिस्कचा प्रकार, कोणत्या देशासाठीची आवृत्ती, निघाल्याचे वर्ष आणि डिस्कची संख्या. चारांपैकी दोनही सापडत नसतील, तर ते मत कंसात टाकून पुढे जावे.

देशाचा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. कोणती डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेयरवर चालावी, यासाठी केलेल्या डीव्हीडीच्या विभागणीत भारत ५ क्रमांकाच्या विभागात येतो, अमेरिका १ मध्ये आणि ब्रिटन २ मध्ये. ब्लू-रेसाठी ही विभागणी वेगळी आहे. तिथे अमेरिका ‘ए’, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया ‘बी’ आणि भारत ‘सी’ विभागात आहे. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाचे कुलूप नसते. प्लेयर सर्व विभागांच्या डिस्क वाचणारा नसेल, तर उत्तमातला उत्तम संचही पडद्यावर केवळ एक सूचना दाखवून थांबतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर डीव्हीडी पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अशा ड्राइव्हचा विभाग साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो आणि पाचव्यांदा बदलला की तो तिथेच कायम होतो.

उलटही घडते. ब्रिटनमधली डिस्क आपल्या टीव्हीवर दिसतच नाही, अशी अमेरिकी चाहत्यांची तक्रार पुष्कळदा वाचायला मिळते. तिचे कारण बहुधा ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० वेळा ताजे होणारे) चित्र हे असते, कारण तिथले अनेक टीव्ही ते घेत नाहीत. आपल्याकडे प्रसारणच त्या पद्धतीचे असल्यामुळे इथल्या टीव्हीला त्याची अडचण नसते. ही तक्रार आपण निर्धास्तपणे वगळू शकतो.

तिसरी पायरी: मालिका मुळात कशावर चित्रित झाली ते पाहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण चित्राविषयीच्या बहुतेक भांडणांचे मूळ इथे आहे. डिस्क कितीही चांगली असली तरी मूळ साहित्यात नसलेला तपशील ती आणू शकत नाही.

१९६६ ते १९६९ या काळातली मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली आणि फिल्मवरच पूर्ण झाली, म्हणून तिच्या ब्लू-रेमध्ये गणवेशाच्या कापडाचा पोतसुद्धा दिसतो. ‘द नेक्स्ट जनरेशन’चेही चित्रीकरण फिल्मवरच झाले, मात्र संकलन आणि विशेष दृश्यांची जुळणी व्हिडिओ टेपवर झाली. डीव्हीडी त्या टेपवरून निघाल्या आणि म्हणून मऊ दिसतात. २०१२ ते २०१४ या काळात ब्लू-रे काढताना मूळ निगेटिव्ह शोधून, स्कॅन करून, १७८ भाग पहिल्यापासून पुन्हा जोडावे लागले. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकांच्या बाबतीत हे काम झालेले नाही. त्यांचे संच डीव्हीडीवरच आहेत. त्यामुळे ‘चित्र अस्पष्ट आहे’ हे त्यांच्याविषयीचे मत खरे असूनही खरेदीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते, कारण डिस्कवर दुसरा पर्यायच नाही. ब्रिटनची जुनी ‘डॉक्टर हू’ मालिका आणखी वेगळी आहे. तिची स्टुडिओतली दृश्ये बहुतांशी व्हिडिओवर आणि बाहेरची पुष्कळशी १६ मिलिमीटर फिल्मवर घेतलेली आहेत. २०१८ पासून तिची पर्वे ब्लू-रेवर येत आहेत, पण व्हिडिओवरच्या दृश्यांना तिथे नवा तपशील मिळत नाही. स्वच्छ केलेले चित्र, कमी दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) माहिती आणि भरघोस जादा सामग्री हा त्यांचा लाभ आहे.

चौकटीच्या आकाराचा वाद समजून घ्यायचा तर ‘बॅबिलॉन ५’ पाहावे. या मालिकेतले कलाकारांचे चित्रीकरण पुढे रुंद चौकटीत वापरता येईल अशा बेताने झाले होते, परंतु संगणकावर तयार केलेली अंतराळाची दृश्ये ४:३ या जुन्या चौकटीतच बनवली गेली. डीव्हीडी रुंद चौकटीत काढताना त्या दृश्यांचा वरचा व खालचा भाग कापून उरलेले चित्र ताणावे लागले. परिणाम असा, की दोन माणसे बोलत असताना चित्र बरे असते आणि खिडकीबाहेर यान येताच ते एकदम धूसर होते. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ब्लू-रे संचात मालिका ४:३ चौकटीत आहे आणि कलाकारांची दृश्ये फिल्मवरून नव्याने स्कॅन केलेली आहेत. तरीही ‘पडद्याच्या दोन्ही बाजू काळ्या राहतात’ म्हणून नाराज असलेले चाहते आहेत, आणि रुंद चौकटीत संवादाची दृश्ये अधिक मोकळी वाटतात हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. माझे मत ब्लू-रेच्या बाजूने आहे, कारण चित्राचा दर्जा प्रसंगाच्या मध्येच बदलणे हे काळ्या पट्ट्यांपेक्षा जास्त खुपते. पण हा आवडीचा प्रश्न आहे, आणि अशा मताशेजारी आम्ही वहीत ‘आवड’ असे लिहून ठेवतो, म्हणजे ते दोषांच्या यादीत मिसळत नाही.

डिस्कची संख्या याच ठिकाणी उपयोगी पडते. दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावते. पाऊण तासाचे चार भाग तिच्यावर घातले, तर सेकंदाला सुमारे ६ मेगाबिट माहिती मिळते. सहा कोंबले तर जेमतेम ४. धूर, पाणी आणि स्फोट असलेल्या दृश्यांत हा फरक चौकोनी ठोकळ्यांच्या रूपाने दिसू लागतो. एकाच पर्वाच्या दोन डीव्हीडी आवृत्त्यांपैकी स्वस्त आवृत्तीत डिस्क कमी असतील, तर ‘ठोकळे दिसतात’ हे मत विश्वासार्ह मानावे.

चौथी पायरी: आवाज आणि वेग

इथे मला मिरजेच्या मित्राचा अनुभव सांगितला पाहिजे. तो तंतुवाद्ये बनवणाऱ्या घरातला आहे आणि तंबोरा लावण्यात त्याचे आयुष्य गेले आहे. ब्रिटनहून आलेला एक डीव्हीडी संच आम्ही पाहत होतो. शीर्षकसंगीत सुरू होऊन काही सेकंदच झाले असतील, तेवढ्यात त्याने हात वर करून थांबवले आणि म्हणाला, ‘अरे, हे चढलंय. आपण मागे ऐकलं ते पांढरी एकला होतं, हे काळी एकच्या तोंडाशी आलंय.’ आम्हाला काही जाणवले नव्हते. मग आम्ही भागाची लांबी तपासली: अमेरिकी डिस्कवर ४५ मिनिटांचा असलेला भाग इथे ४३ मिनिटांच्या आसपास संपत होता, आणि एकही दृश्य गाळलेले नव्हते.

कारण सरळ आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते आणि पाल पद्धतीची (ब्रिटनमध्ये व आपल्याकडे चालणारी, वर सांगितलेली ५० हर्ट्झची) डीव्हीडी २५ चौकटींनी. फिल्म तशीच किंचित वेगाने पळवली, की लांबी ४ टक्क्यांनी कमी होते आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास चढतो. काही संचांत सूर पुन्हा खाली आणलेला असतो, काहींत नसतो. म्हणून ‘या आवृत्तीत दृश्ये कापली आहेत’ असे मत दिसले, तर दोन्ही आवृत्त्यांच्या लांबीचे गुणोत्तर काढावे. ते प्रत्येक भागात २४:२५ च्या जवळ येत असेल तर कापाकापी नाही, केवळ वेगाचा फरक आहे. एखाद्याच भागात वेगळे येत असेल तर तक्रार खरी असण्याचा संभव आहे.

ध्वनीविषयीच्या मताची तारीखही पाहावी. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या पर्वाचा ब्लू-रे संच २०१२ साली आला, तेव्हा त्यातल्या काही डिस्कवर ७.१ (म्हणजे आठ वाहिन्यांच्या) ध्वनीतल्या समोरच्या वाहिन्यांची जुळणी चुकली होती. चाहत्यांनीच ते लक्षात आणून दिले आणि वितरकांनी दुरुस्त डिस्क बदलून दिल्या. त्या काळातली तक्रार नव्या प्रतीला लागू पडत नाही. जुन्या बाजारातून घेतलेल्या प्रतीला मात्र लागू पडू शकते, म्हणून विक्रेत्याला डिस्क बदललेल्या आहेत का, हे विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: संचात नेमके काय आहे

भागांचा क्रम पाहावा. ‘फायरफ्लाय’ २००२ साली दूरचित्रवाणीवर उलटसुलट क्रमाने दाखवली गेली, १४ पैकी ११ भागच प्रक्षेपित झाले, आणि निर्मात्यांच्या मनातला क्रम लोकांना कळला तो २००३ च्या डीव्हीडी संचामुळे. गाणी बदललेली आहेत का तेही पाहावे. हक्क न मिळाल्यामुळे ‘क्वांटम लीप’च्या दुसऱ्या पर्वाच्या डीव्हीडीत मूळ गाण्यांच्या जागी दुसरे संगीत घातले गेले, आणि ज्या भागात गाणे हाच भावनेचा आधार होता तिथे चाहते रागावले ते योग्यच होते. विशेष दृश्ये जुनी आहेत की नवी, हा तिसरा प्रश्न. मूळ ‘स्टार ट्रेक’च्या ब्लू-रेमध्ये दोन्ही दिलेली आहेत आणि पाहणाऱ्याने निवड करायची आहे, माझ्या मते ही सोय प्रत्येक नूतनीकरणात असायला हवी.

उपशीर्षकांविषयी एक सूचना. इंग्रजी ही मातृभाषा असलेला चाहता उपशीर्षके आहेत की नाहीत, याचा क्वचितच उल्लेख करतो, कारण त्याला ती लागत नाहीत. आपल्याला लागतात. ज्या मालिकेत इंजिन-कक्षातला माणूस भराभर तांत्रिक शब्द फेकतो किंवा एखादे पात्र स्कॉटिश वळणाचे इंग्रजी बोलते, तिथे आमच्या घरातली ज्येष्ठ मंडळी खाली लिहिलेल्या ओळीवरच कथा धरून असतात. मतांमध्ये याची माहिती नसेल, तर खोक्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागवावे.

सहावी पायरी: आधी टीव्ही तपासा, मग डिस्कला दोष द्या

आमच्या वहीत एका संचासमोर ‘चित्र नाटकाच्या शूटिंगसारखे खोटे वाटते’ अशी नोंद होती. पुढे लक्षात आले, की टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू होती. ती दोन चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी घालते आणि फिल्मचा स्वभावच बदलून टाकते. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते, पण ती ‘मोशन’ या शब्दाच्या आसपास सापडते. ती बंद करावी, चित्राचा प्रकार ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ ठेवावा, ‘शार्पनेस’ बराच खाली आणावा आणि ४:३ चित्र ताणून भरण्याची सोय काढून टाकावी. ‘शार्पनेस’ जास्त असला तर गडद गणवेशाच्या खांद्याभोवती पांढरी कड दिसते. ती खाली आणल्यावर नाहीशी झाली तर दोष टीव्हीचा होता. राहिली तर डिस्कचा.

फिल्मच्या कणांविषयीही मतभेद असतात. अंधाऱ्या बोगद्यातल्या भिंतीवर बारीक, सतत हलणारी रवाळ झिलई दिसते, तिला काही जण खराबी समजतात. ती फिल्मची जात आहे. ती पुसण्याचा अतिरेक झाला, की चेहरे मेणाचे होतात; चाहते जेव्हा ‘मेणासारखे’ हा शब्द वापरतात, तेव्हा ते मत गांभीर्याने घ्यावे.

सातवी पायरी: संच हातात आल्यावर

पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे. खोक्यात सुटी झालेली डिस्क हा सर्वांत नेहमीचा दोष आहे. मी घेतलेल्या एका जुन्या संचात तिसरी डिस्क धारकातून निसटून प्रवासभर घासत आली होती. ओरखडा मध्याकडून काठाकडे जाणारा असेल तर तो सहसा निभतो. वर्तुळाच्या दिशेने गेलेला असेल तर वाचन अडखळते. बहुतेक दुहेरी थराच्या डीव्हीडीत वाचन आतून काठाकडे जाते आणि दुसऱ्या थरावर काठाकडून आत परतते. म्हणून काठावरच्या बोटांच्या ठशांचा त्रास चार भागांच्या डिस्कमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भागात होतो. परत देण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक डिस्कचा पहिला भाग, मधली दहा मिनिटे आणि शेवटचा भाग एवढे तरी पाहून घ्यावे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या मित्राच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले आणि खालच्या कपाटातले संच गाळात गेले. पुस्तिका आणि खोके लगदा झाले. डिस्क आम्ही एकेक करून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुतल्या, मऊ सुती कापडाने मध्याकडून काठाकडे टिपल्या आणि सावलीत उभ्या ठेवून वाळवल्या. डीव्हीडीची माहिती प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मधोमध असते, त्यामुळे बहुतेक वाचल्या. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असली तरी वरचे आवरण कठीण असते, त्याही चालल्या. गाळ वाळल्यावर कोरडाच पुसायला गेलो असतो, तर वाळूच्या कणांनी त्या कायमच्या गेल्या असत्या. तेव्हापासून आमचे सर्वांचे संच माळ्यावर किंवा वरच्या फळीवर असतात.

आठवी पायरी: आपले मत असे लिहा, की दुसऱ्याला वापरता येईल

पहिल्या भागावर मत देऊ नये. किमान तीन डिस्क पाहून झाल्यावर लिहावे. आवृत्तीच्या चारही गोष्टी, टीव्हीचा आकार, बसण्याचे अंतर आणि चित्राचा प्रकार आधी नोंदवावा. दोष लिहिताना भाग आणि मिनिट द्यावे. आमच्या वहीत सुरुवातीला ‘चित्र अंधारे’ एवढेच लिहिलेले असे. आता तशीच नोंद अशी दिसते: ‘डिस्क ४, भाग दुसरा, १७ व्या मिनिटापासून पुढे, मालवाहू कक्षातले दृश्य. मागची माणसे काळ्यात बुडतात. ४३ इंच टीव्ही, आठ फुटांवरून, मूव्ही मोड, खोलीतले दिवे बंद. तेच दृश्य मिरजेच्या टीव्हीवर पाहायचे बाकी.’

या शेवटच्या वाक्यासाठी प्रत्येक पानाचा खालचा चतुर्थांश आम्ही कोरा सोडतो. वर दिलेल्या नोंदीखाली पंधरा दिवसांनी मित्राच्या अक्षरात एक ओळ आली: ‘माझ्याकडे मागची तिन्ही माणसे दिसली. तुझ्या टीव्हीची वीजबचत बंद करून पुन्हा पाहा.’ आम्ही ती बंद केली, ते दृश्य पुन्हा लावले आणि ‘अंधारे’ हा शब्द खोडला.